हिरवीची जुळणी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हिरवीला हार घातला. ओळीने अठरावा. गाडी आईअण्णांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, चार लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली. बॉनेट उघडलं तर इंजिनाचा नुसता लोखंडी सांगाडा. त्याच्या पोटातलं सगळं दुसऱ्या मजल्यावर, माळ्यात, खोक्यांमध्ये. तरी दर दसऱ्याला झेंडू, हळदकुंकू, नारळ. लोक शस्त्र पुजतात, आम्ही म्यान.

सतरा वर्षांपूर्वीच्या मेमध्ये अण्णांनी स्वतःच्या हाताने उघडली. "दिवाळीपर्यंत जोडतो" म्हणाले. कुठली दिवाळी, ते म्हणाले नव्हते. मग त्यांची बायपास. मग जुनी बिल्डिंग पाडली, नवी बांधली. मग नुसतीच वर्षं.

नारळ फोडून झाल्यावर मला म्हणाले, "पेट्रोल आहे ना गं? संध्याकाळी सोनं द्यायला हिच्यातूनच जाऊ."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी परचुरे यांची नवी पाटी जिन्यात : "पार्किंग वाहनांसाठी आहे. जे वाहून नेते ते वाहन." वाक्य बरं आहे. माझ्या सदरात खपून जाईल.

४ ऑक्टोबर, शनिवार

अण्णांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे. दुसरी खेप. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. छत्तीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलेला माणूस. मोकळ्या हाताने गोल वर्तुळ, दोन मध्यरेषा, बाराच्या बारा खुणा, खाली माप, कोपऱ्यात स्केल. काटे नाहीत.

"काटे, सर?"

"ते जुळणीत येतील. हा सुटा भाग आहे."

डॉक्टरांनी कागद फायलीला लावला. मला बाहेर : वर्षभर बरं जाईल, कदाचित जास्त, कदाचित कमी. हातात बसलेलं काम असेल तर द्या. ते सगळ्यांत शेवटी जातं.

रिक्षात ठरवलं. हिरवी जोडायची. अण्णांच्या हातून, त्यांना येतंय तोवर. आणि एकदा मी चालवणार, ते डावीकडच्या सीटवर, दिवे घाट चढून वर. एकदाच.

मला कधी चालवू दिली नाही. एकोणिसाव्या वर्षी कारण : "तुझे पाय पोचत नाहीत." तिसाव्या वर्षीही तेच. पायही तेच होते म्हणा. आता त्रेपन्न.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेकॅनिक मिळाला. चार जणांनंतर. पहिला म्हणाला, इलेक्ट्रिक करून टाका मॅडम. दुसरा म्हणाला, लग्नांना भाड्याने द्या. तिसऱ्याने गाडीसोबत स्वतःचे फोटो काढले आणि गेला. चौथा फोनवर चांगला बोलला, अजून यायचा आहे.

पाचवे वानखेडे. बिबवेवाडीत गॅरेज, मूळ अकोल्याकडचे, पन्नाशीचे. जुन्या जीपा करतात. बघताना सगळे प्रश्न श्री.ला. श्री. म्हणजे श्रीधर, नवरा. विमा कंपनीत आहे, गाडीचा त्याला कागद तेवढा कळतो. तो प्रत्येक वेळी "हिला विचारा". पाचव्या "हिला विचारा"नंतर वळले माझ्याकडे. "माफ करजा ताई. सवय हाय."

मग अण्णांनी तोंडी परीक्षा घेतली.

"फायरिंग ऑर्डर?"

"एक-तीन-चार-दोन."

"एक-दोन-तीन-चार का नाही?"

"क्रँकले एका अंगानं जोर पडंल, सर. हलंल."

"बसा."

बसायला काही नव्हतं.

ठरलं ते असं. वानखेडे गुरुवारी येणार (त्यांच्याकडे त्या दिवशी लाइट नसते), शिवाय जमेल त्या रविवारी. काम पार्किंगमध्येच. गाडी बिबवेवाडीला नेता येईल, अण्णांना रोज नेता येणार नाही.

वानखेडेंचे पाने सगळे मिलिमीटरचे. हिरवी विलायती, इंचांची. अण्णांनी वरून आपले इंची पाने आणले, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. एकही कमी नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या काम सुरू म्हणून माळा काढायला गेले. आई दारातच, पदर खोचून. "तुझं अर्धं काम केलंय मी."

खोकी नाहीत. ओट्यावर स्टीलचे अकरा डबे.

दिवाळीची साफसफाई. तिने आणि कामाच्या मंदाबाईंनी दोन दिवस खपून इंजिनाचा एकेक भाग सोड्यात उकळला. पितळेचं होतं ते चिंचेने घासलं. गॅलरीत वाळवलं. मग आकाराप्रमाणे डब्यांत भरलं. बारके, मधले, मोठे, लांबुडके. डाळी भराव्यात तसे.

प्रत्येक भागाला अण्णांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. काय आहे, कुठे बसतं, कशाच्या आधी, कशाच्या नंतर.

"चिठ्ठ्या?"

"तेलकट झाल्या होत्या. सोडवल्या."

"टाकल्यास?"

"लिहिलेला कागद मी टाकत नाही." कपाटातून जुडगा काढून दिला. रबरबँड लावलेला.

मोजल्या. एकशे त्रेचाळीस. डबे ओतून भाग मोजले. एकशे त्रेचाळीस. म्हणजे हरवलेलं काहीच नाही. कोण कोणाचं, तेवढं गेलं.

अण्णा आले, एका डब्यात डोकावले. "छान चकचकीत केलंस," आईला म्हणाले आणि झोपायला गेले.

मी घरी येऊन भांडी घासली. आमच्याकडे भांड्यांना बाई आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

वानखेडेंनी डबे पाहिले. टोपी काढली, परत घातली.

"काकू, हे असं काऊन केलं जी?"

"दिवाळी आहे."

यावर पुण्यात उत्तर नाही. अकोल्यातही नसावं.

कार्ब्युरेटरची पितळी जेट, केस जेमतेम जाईल एवढ्या भोकांची, चिंचेने आणि काथ्याने घासलेली. वानखेडे उजेडात धरून म्हणाले, "कामातून गेली. पण चमकून राहिलीत."

चिठ्ठ्या अण्णांपुढे ठेवल्या. "आ. डा. २. जा. आधी, मग प., सैल." त्यांनी वाचली. परत वाचली. "अक्षर वळणदार आहे," म्हणाले. कोणाचं, ते विचारलं नाही. अर्थ लागला नाही. दुसरी. तिसरी. नाही.

वानखेडेंनी उगाच एक लांबुडका भाग त्यांच्या हातात दिला. अण्णा रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे बघत होते. भाग बोटांत दोनदा उलटासुलटा झाला, अंगठ्याने टोक चाचपलं.

"पुशरॉड. टोक झिजलंय. बदला."

नजर भाजीवाल्यावरच. वानखेडेंनी तोच भाग डोळ्यांसमोर धरून विचारलं, सर हे काय? "काय आहे?" अण्णांनी उलट विचारलं.

म्हणजे पद्धत अशी : भाग हातात द्यायचा आणि भलतंच काही बोलायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ भाग ओळखले. वानखेडे भागावर खडूने आकडा घालतात, मी वहीत उतरवते. अण्णांच्या बोटांनी भागाला एकदा नाव दिलं की वानखेडेंना चिठ्ठीचाही अर्थ लागतो : "जा." म्हणजे जाड वॉशर, "प." म्हणजे पातळ.

विषयांचा अनुभव : राजकारण काढलं की चिडतात, बोटं थांबतात. क्रिकेट ठीक. जुने विद्यार्थी सर्वांत उत्तम. आज नापास झालेल्यांवर पाच भाग निघाले.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

दिवाळी आली. चौदा भाग. ही ती दिवाळी नव्हे.

आईने अण्णांना ओवाळलं. त्यांनी खिशातून ओवाळणी म्हणून तबकात एक नट ठेवला. आईने तो धुऊन, पुसून मला दिला. वहीत घातला : क्र. १५.

६ नोव्हेंबर, गुरुवार

६१ भाग.

सकाळी सात ते अकरा अण्णा चांगले. अकरानंतर भाग हातात दिला तर खिशात घालतात. म्हणून आता मी रोज सातला जाते. शनिवार पेठेतून सदाशिव पेठ, चालत पंधरा मिनिटं. रस्ता खणलेला असेल तर पंचवीस. पंचवीस धरूनच निघते.

आज अण्णांनी खडू घेऊन पार्किंगच्या फरशीवर गीअरबॉक्स काढला. सगळे भाग एका अक्षावर, सुटे सुटे, एकामागोमाग. सहा फूट लांब. वानखेडे उकिडवे बसून बघत होते. "असं कोनी शिकवलंच नाही आमाले." झाडणाऱ्या बाईंनी चित्र सोडून झाडलं.

संध्याकाळी पाटी : "पार्किंगमध्ये वर्ग भरवू नयेत." खाली बारीक अक्षरात : "भरवल्यास बसण्याची सोय आपापली करावी."

९ नोव्हेंबर, रविवार

परचुरे घडीची खुर्ची घेऊन खाली. "देखरेखीसाठी," म्हणाले. दोन तास बसले. डिफरन्शियलवर दोन शंका विचारल्या. अण्णांनी पहिलीला उत्तर दिलं, दुसरीला म्हणाले, "हे पहिल्या वर्षाला होतं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लेख दिला. विषय खड्डे. मागल्या वर्षीचाच दिला असता तरी खड्डे तेच आहेत.

संपादक : "वडिलांवर आणि गाडीवर लिहा की. वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"त्यांना विचारावं लागेल."

"मग विचारा."

विचारता आलं असतं तर गोष्टच वेगळी होती. खड्ड्यांवर पुढचाही लेख कबूल केला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट दिवस. एक वॉशर घेऊन अण्णा दीड तास. ना सांगत, ना सोडत. वानखेडेंचा आवाज चढला. "सर, माझंबी दुकान हाय. दिवसभर एक वॉशर घेऊन नाही बसता येत." अण्णांनी वॉशर त्यांच्या तळहातावर ठेवला. "मग ठेवा तुमच्याकडे."

वानखेडे हत्यारं न आवरता गेले. आता येत नाहीत, असं धरून चालले.

३० नोव्हेंबर, रविवार

आले. अकोल्याहून आलेल्या संत्र्यांची पिशवी अण्णांच्या पुढे. "सर, तो वॉशर सापडला कुठला ते. पाण्याच्या पंपाचा." अण्णा म्हणाले, "मी तेच सांगत होतो." सांगत नव्हते. ९८.

४ डिसेंबर, गुरुवार

अण्णा वानखेडेंना कुलकर्णी म्हणायला लागलेत. कुलकर्णी म्हणजे कॉलेजातले वर्कशॉपचे, जाऊन बारा वर्षं झाली. वानखेडे "हाव सर" म्हणून ओ देतात.

चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. दुपारचे बारा झाले होते.

"बाई, तुम्ही कुठल्या विभागाच्या?"

"कला."

"तरीच." कप घेतला. "साखर कमी आहे."

१८ डिसेंबर, गुरुवार

१२९. खालचं सगळं बसलं. क्रँक हाताने फिरते.

मला अजून "बाई". सकाळी सातलाही. आईला ओळखतात. श्री.ला ओळखत नाहीत, पण त्याला आधीपासूनच फारसं ओळखत नसत.

८ जानेवारी, गुरुवार

१४३. सगळ्यांना नावं मिळाली. वानखेडेंनी वही दोनदा तपासली. जेट बाहेरून मागवली होती, तीही आली. अण्णांनी हातात घेतली. "ही आपली नाही," म्हणाले. बरोबर होतं.

आई आज पहिल्यांदा खाली येऊन बसली. परचुरे उठले, तिला खुर्ची दिली. बराच वेळ बघत होती. वर जाताना जिन्यात मला म्हणाली, "तुला माझा राग आला असेल."

"आला होता. आता वेळ नाही."

"पावसाळ्यात रोज खोकी खाली काढायचे. एकेक चिठ्ठी वाचायचे. भाग बघायचे. परत चिठ्ठी. मग बांधून ठेवायचे. रोज. मला वाटलं, भाग मळलेत म्हणून ओळखू येत नसतील. धुतले तर येतील."

म्हणजे तिला जूनपासून माहीत होतं. मला ऑक्टोबरमध्ये, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पेपरात लिहिलं असतंस."

लिहिलं नसतं. पण असं तिला वाटलं, यात माझी कमाई किती, ते बघितलं पाहिजे.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी इंजिन सुरू झालं. चौथ्या प्रयत्नाला. धूर इतका की पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावल्या. वानखेडे हसत होते आणि खोकत होते. परचुरे टाळ्या वाजवून मग थांबले, पदाची आठवण झाली असावी.

अण्णांनी बॉनेटच्या कडेवर पंजा ठेवला. डोळे मिटले. "टॅपेट. तिसरा."

वानखेडेंनी बंद करून फटी मोजल्या. तिसराच.

१५ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक, वायरिंग, टायर. आरटीओचं सगळं श्री. करतोय. फॉर्म भरायला मिळाले की तो सुखी असतो. तीन फेऱ्या झाल्या, चौथीची वाट बघतोय.

सीटखालचा खटका गंजून गच्च झाला होता. वानखेडेंनी तेल सोडलं, लाथ घातली. सीट चार इंच पुढे आली.

"सरकते?"

"हाव. सुरवातीपासूनच सरकते, ताई. रुळच हाय खाली."

आईला विचारलं. "त्यांना परत मागे घ्यायचा कंटाळा," ती म्हणाली. चौतीस वर्षांचा प्रश्न सुटला. अण्णांना बोलायला गेले, तर ते वानखेडेंना रेडिएटर समजावत होते. राहिलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कागद झाले. आज चालवली. वानखेडे शेजारी. सदाशिव पेठ ते बिबवेवाडी आणि परत. स्वारगेटच्या सिग्नलला तिघांनी कितीला पडली ते विचारलं, एकाने अ‍ॅव्हरेज. स्टिअरिंग जड, पहिला गीअर दोनदा क्लच दाबल्याशिवाय पडत नाही, बसल्यावर रस्ता हाताने शिवता येईल इतकी खाली. पाय पोचतात.

अण्णांना बसवलं नाही. त्यांना घाटातच न्यायचं. तारीख ठरवली : पाडव्यानंतरचा रविवार, २२ मार्च, सकाळी साडेसहा. ऊन चढायच्या आत, आणि अकराच्या पुष्कळ आधी.

१ मार्च, रविवार

वानखेडेंनी पाने पुसून अण्णांना परत दिले. "झालं सर आपलं काम."

अण्णा गाडीभोवती फिरले. दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं.

"झाली?"

"झाली, अण्णा."

"मग आता मी काय करू?"

म्हटलं, बसा, चहा आणते.

८ मार्च, रविवार

अण्णा रोज सातला तयार. इस्त्रीचा शर्ट, खिशात खडू. खाली येतात. गाडी पुरी आहे. खुर्चीवर बसतात. नऊला मान खाली. अकरापर्यंतचं होतं ते आता नऊपर्यंतच.

हातात भाग देऊन बघावा म्हटलं, तर सुटा भागच शिल्लक नाही. घरातला मिक्सर उघडून दिला. त्यांनी बाजूला सारला. "हे कसलं काम, बाई."

१३ मार्च, शुक्रवार

काल जेवताना घास हातात धरून बसून राहिले. आईने भरवलं. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिने मोजली. "तीन," म्हणाली, "थांब, गॅस बंद करते."

डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, असं होतं. चढउतार असतात. चढ कसा आणायचा, ते विचारलं. म्हणाले, रुटीन ठेवा.

नऊ दिवस राहिलेत. तोवर टिकावेत एवढंच. हे लिहिलं तसंच मनात आलं. खोडत नाही.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

हिरवीची पूजा. या वेळी इंजिनासकट. परचुरेंची पाटी : "रविवारी सकाळी सहा ते सात फाटक मोकळे ठेवावे." कारण लिहिलेलं नाही.

अण्णा गुढीकडे बघत होते, गाडीकडे नाही. विचारलं, रविवारी घाटात जायचं ना? "कोणाबरोबर?" म्हणाले.

श्री.ने वाढीव विम्याचा कागद दिला. रविवारपासून चालू.

२० मार्च, शुक्रवार

आठला आईचा फोन. "हे खाली आहेत. तू ये. पळत नको, पण ये."

पळतच गेले. बॉनेट उघडं. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवलेले, रॉकरचं झाकणही. वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे भाग मांडलेले, एका ओळीत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, प्रत्येकाशेजारी त्याचा नट, त्याचा वॉशर. अण्णा बाह्या वर करून आत वाकलेले. परचुरे कोपऱ्यात खुर्चीशेजारी उभे.

"अहो, थांबवायचं ना."

"थांबवणारच होतो," परचुरे म्हणाले. "तर मला म्हणाले, 'परचुरे, उजेडातून बाजूला व्हा.' डिसेंबरनंतर पहिल्यांदा नाव घेतलं हो माझं. मी झालो बाजूला."

मी जवळ गेले. अण्णांनी न बघता हात मागे केला.

"अंजू, अर्धा इंची."

दिला.

"फडकं." दिलं.

"अण्णा, रविवारी घाटात जायचंय हिच्यातून."

"जाऊ की. आधी हे बघू दे. तिसऱ्याचा आवाज मला पटत नाही. इंजिनाचं हेड उतरवावं लागेल."

"उतरवलं तर रविवारी कसं जायचं?"

"तुला घाई आहे का?"

मी साडेअकरापर्यंत पाने देत राहिले. मधे एकदा अण्णा माझं नाव घेऊन रागावले, मापाचा दिला नाही म्हणून. दीड वाजता वर येऊन दोन पोळ्या जेवले, आपल्या हाताने, तिसरी मागितली. आई पोळी वाढून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तिला विचारलं, काय करू. "गाडीतलं मला कधीच कळलं नाही," म्हणाली. "तू ठरव."

श्री. म्हणाला, विम्याची तारीख पुढे ढकलता येते, एक फॉर्म आहे.

वानखेडेंना फोन. सगळं सांगितलं. त्यांनी आधी काय काय उतरवलंय ते विचारलं. मग, "बसवून देतो न ताई. दोन-तीन घंट्याचं काम हाय. सर दुपारी झोपले की करतो, त्यायले समजणारबी नाही. परवा तुमी घाटात."

म्हटलं, हं.

"नाहीतर सर म्हनतेत तसं हेड उतरवू. मंग काही लवकर नाही होत, ते सांगून ठेवतो. सामान बाहेरून येईस्तोवर पाऊस लागंल, मंग पुढचा हंगाम. आनी पुढच्या हंगामात सर..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मीही उचललं नाही.

पाच महिने खपले ते एका रविवारसाठी. तो रविवार परवा आहे, आणि मला तो हवा आहे. हे कुठेतरी लिहिलेलं असावं. आज तीन महिन्यांनी नाव ऐकलं, तेही. परवा घाटात शेजारी कोण बसलेलं असेल, कुलकर्णींचे सर की आजचे अण्णा, हे आज सांगता येत नाही. सोमवारी सातला खाली येऊन त्यांना काय दिसेल, ते सांगता येतं.

सहा वाजता खाली जाऊन आले. भाग तसेच ओळीत. परचुरेंनी वर चादर घातली आहे, चार कोपऱ्यांना चार विटा. पाटी नाही.

वानखेडे उद्या दहाला येतायत. आत्ता पुन्हा फोन होता त्यांचा. "ताई, एकच विचारायचं राह्यलं. बसवायचं असंल तर मी एकटा पुरतो. हेड उतरवायचं असंल तर उचलाले जोडीले मानूस लागंल. काय करू, एकटा येऊ का मानूस घेऊन येऊ?"

म्हटलं, या तर आधी.